साडेचारची तपासणी

माझं नाक चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यातून उठलो तो वास गमावूनच. सुगंध नाही, दुर्गंध नाही, काहीच नाही. दूध नासलंय हे मला चहा फाटल्यावर कळतं. ही गोष्ट आधी फक्त आईला ठाऊक होती, नंतर बायकोला ठाऊक झाली. कंपनीत मात्र मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आमची रबाळ्याची कंपनी रबराचे वॉशर बनवायची. रबर जरा जास्त तापलं की आधी वास सुटतो, धूर नंतर दिसतो. तिथे नाक नसलेला माणूस कोण ठेवून घेणार? म्हणून मुलाखतीत मी गप्प बसलो. आणि माझ्या याच बंद नाकावर एका माणसाने दोन वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला.

तो माणूस म्हणजे आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटचे साहेब. मूळचे कऱ्हाडकडचे, चाळिशी ओलांडलेले, उंच, कडक इस्त्रीचे आणि अविवाहित. मी रुजू झालो त्या सकाळी ते माझ्याशी वीस मिनिटं बोलले, आणि त्या वीस मिनिटांत एकदाही माझ्याकडे तोंड केलं नाही. खिडकीकडे बघून कामाचे तास सांगितले, कपाटाकडे बघून रजेचे नियम. कपाटामागे आणखी कुणी बसलंय की काय, म्हणून मी हळूच वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. हा माणूस माझ्यावर पहिल्याच दिवशी का चिडलाय, मला काही उमजेना. कॅन्टीनमध्ये चहा देणाऱ्या मावशी रबाळे गावातल्याच. त्यांना विचारलं तर त्या पदरात तोंड घालून हसल्या.

"तुमचा सायेब भितीशी बोलतो. पयल्या दिवसापासनं. भित काय उत्तर देत नाय, पन त्याचं चाललंय."

समोरासमोर उत्तर द्यायची वेळच आली तर साहेब श्वास आत ओढता ओढता बोलायचे. 'हो', 'नाही' आणि फार तर दोनतीन शब्दांचं वाक्य, एवढंच त्यांना तसं जमे. ऐकणाऱ्याला वाटे, यांना ठसका लागला. एकदा बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी माल पास आहे का म्हणून विचारलं, तर साहेबांनी असा काही आत ओढलेला 'हो' दिला की ते गृहस्थ धावत पाणी घेऊन आले. याहून लांब काही सांगायचं असलं की साहेब लिहून देत. आमच्याकडे दोन रंगांच्या चिठ्ठ्या असत. हिरवी म्हणजे माल पास, लाल म्हणजे रिजेक्ट. हिरव्या चिठ्ठीच्या पाठीवर ते लिहीत, 'दोन चहा सांग.' लाल चिठ्ठी त्यांनी असल्या किरकोळ कामाला कधी वापरली नाही.

मी रुजू झालो त्याच दिवशी संध्याकाळी साडेचार वाजता त्यांनी मला मोजमापांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी घाबरलो. साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले, थेट समोर, वीतभर अंतरावर.

"डोळे मीट," ते आत ओढलेल्या आवाजात म्हणाले.

मी मिटले. माझ्या चेहऱ्यावर गरम वाफ आली. "हाऽऽ."

"सांग. काय येतं?"

काय येणार? मला कसलाच वास कळत नव्हता. पण हे विचारताहेत कशाबद्दल, तेही कळत नव्हतं. "काही नाही साहेब," मी म्हटलं. मी डोळे उघडले तर साहेबांचा चेहरा लग्नघरासारखा उजळलेला. "नक्की? भिडेखातर नको सांगू." "नक्की," मी म्हटलं. त्यांनी खिशातून एक हिरवी चिठ्ठी काढली, तीवर तारीख घातली आणि माझी सही घेतली. मी पुरता गोंधळून घरी गेलो. ही तपासणी रोजची आहे, हे मला दुसऱ्या दिवशी साडेचारला कळलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला स्वतःच्या तोंडाचा वास कळत नाही, तेव्हा तपासणी त्रयस्थानेच करायला हवी. माझ्याआधी त्यांनी दोघातिघांना विचारून पाहिलं होतं. एकजण खो खो हसत सुटला होता, दुसऱ्याने 'छे छे साहेब, उलट छानच' म्हणून काढता पाय घेतला होता. मी न हसता, तोंड न वळवता उत्तर दिलं, म्हणून मी पसंत पडलो. नाक चालणाऱ्या माणसाचं नाक थोडं तरी हललं असतं. माझं हललं नाही, हा त्यांना माझा प्रामाणिकपणा वाटला.

आणि तोंडाची देखभाल म्हणाल तर साहेबांचा दिवस तीच करण्यात जायचा. पहाटे उठून आधी कडुलिंबाची काडी, मग मंजन, मग तांब्याच्या पट्टीने जीभ खरवडणं. त्यानंतर तिळाचं तेल तोंडात धरायचं ते शर्टाला इस्त्री होईपर्यंत. त्या वेळात कुणी दार वाजवलं तर ते दार उघडत नसत, कारण तेल थुंकल्याशिवाय 'कोण आहे' म्हणता येत नाही. कंपनीत येताना हातात एक पत्र्याचा गोल डबा असे, घरात मसाल्याला वापरतात तसा. त्यातल्या वाट्यांत लवंगा, बडीशेप, ओवा, वेलदोडे आणि जाडं मीठ. झाकणाच्या आतून वेळापत्रक चिकटवलेलं. अकरा वाजता फाटकाजवळच्या पेरूचं एक कोवळं पान चावायचं. त्या झाडाला हाताच्या उंचीपर्यंत पान म्हणून राहिलं नव्हतं. जेवणात कांदा नाही, लसूण नाही, मुळा तर नावालाही नाही. जेवल्यावर एकवीस चुळा. त्या मोजताना कुणी हाक मारली तर पुन्हा एकपासून. शिवाय रुमालावर निलगिरीच्या तेलाचे थेंब, आणि तो रुमाल दिवसभर नाकातोंडाशी. "तोंड म्हणजे मशीन आहे बघ," ते खिडकीला सांगायचे. "रोजचा मेन्टेनन्स चुकला की ब्रेकडाऊन."

मला बायकोने विचारलं, "पण खरंच वास येतो का हो त्यांना?" मी म्हटलं, मला कसं कळणार? "मग तुम्ही रोज सही कसली करता?" दुसऱ्याच दिवशी खरं सांगून टाकायचं, असं मी कितीतरी रात्री ठरवलं. साडेचार वाजले की समोर तो चेहरा यायचा, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलांचा असतो तसा. माझ्या तोंडून 'पास' निघून जायचं. शिवाय नोकरीची भीती होतीच, ती लपवत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनी एकदा पावसाची सुट्टी पडली तेव्हा कपाटाकडे तोंड करून सांगितलं. कऱ्हाडहून ते मुलाखतीला आले, रबाळ्याला बसमधून उतरले. स्टॉपवर पाच माणसं उभी होती. साहेबांनी कंपनीचा पत्ता विचारायला तोंड उघडलं, आणि पाचही जणांनी एकदम खिशातून रुमाल काढून नाकाला लावले.

"एकाने लावला असता तर सर्दी म्हटलं असतं," साहेब म्हणाले. "पाच जणांनी, बघ! मग मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरनंही लावला. कऱ्हाडला इतकी वर्षं कुणी बोललं नाही, कारण घरच्यांना सवय झालेली असते. परक्या माणसाला लगेच कळतं."

मी मान डोलावली. मला ते पटलं होतं, हे आता सांगायलाही लाज वाटते.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी साडेचारला, माझी सही घेऊन झाल्यावर, साहेबांनी ड्रॉवर उघडला. आत हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, महिन्यामहिन्याचा वेगळा, दोऱ्याने बांधलेला.

"सगळं रेकॉर्ड आहे," ते ड्रॉवरकडे बघत म्हणाले. "एकही रिजेक्ट नाही. ताईनं एक स्थळ आणलंय. कोपरखैरण्याला भावाकडे राहतात, शाळेत शिकवतात, अडतीस वय. आजवर मी कुणाला बघायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? पण आता तुझ्या सह्या आहेत. रविवारी तू चल बरोबर."

हा माणूस माझ्या सहीच्या भरवशावर लग्नाला उभा राहत होता.

रविवारी पाच वाजता आम्ही कोपरखैरण्याला पोचलो. साहेबांनी त्या दिवशी रुमाल मुद्दाम घरी ठेवला होता, पण नाकाखाली निलगिरी चोळली होती आणि गालात दोन लवंगा होत्या. नव्या वसाहतीतलं छोटं घर, स्वच्छ, भिंतींना नुकताच रंग दिलेला. बाईंचा भाऊ बोलका होता. नव्या गावात घर घेतलेल्या सगळ्या माणसांसारखा तोही घरापेक्षा एरियाचंच कौतुक जास्त करत होता. "मुंबईत काय आहे साहेब? इथे हवा बघा. खाडीवरून डायरेक्ट येते!" बोलता बोलता तो मध्येच थांबला, बायकोकडे बघितलं, आणि उठून एक एक करत सगळ्या खिडक्या लावल्या. "डास येतात," तो म्हणाला. दिवस उन्हाळ्याचे, खोली छोटी. मला काही समजेना.

बाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. सावळ्या, शांत, चष्म्याच्या. साहेब कॅलेंडरकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, बाईंकडे वळले, थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडावर श्वास बाहेर सोडत एक अख्खं वाक्य बोलले.

"तुम्हाला शिकवायला कोणता विषय आवडतो?"

बाईंनी पदर उचलून नाकाला लावला. मागे उभ्या असलेल्या भावाच्या बायकोनेही लावला. भाऊ खोकला.

साहेब उठले. "येतो आम्ही," ते आत ओढलेल्या आवाजात म्हणाले. पोह्यांना हातही लावला नाही. भाऊ 'अहो, अहो' करत दारापर्यंत आला, पण साहेब रिक्षात जाऊन बसलेसुद्धा. वाटेत ते एकच वाक्य बोलले, तेही रस्त्याकडे बघत.

"काल साडेचारला तू नीट बघितलं होतंस ना?"

"हो साहेब," मी म्हटलं. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सानपाड्याला घरी आलो तर बायको खिडक्या घट्ट लावून बसलेली. मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "किती वाजता लावला पदर?"

"साडेपाच असतील."

"अहो मग ती काय करणार बिचारी! साडेपाचलाच तर तो घाणेरडा वास सुटला. कुठल्यातरी कंपनीनं रविवार बघून गॅस सोडला असणार, नेहमीचंच आहे ते. मी इथे खिडक्या लावून बसले, तिथे तर अगदी जवळ. भाऊ खिडक्या का लावत होता मग? डास म्हणे! एरियाची एवढी तारीफ केल्यावर वास येतोय असं पाहुण्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?" मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कळणार नाहीच. पण तुमच्या साहेबांना?"

साहेबांच्या नाकाखाली निलगिरी होती. त्या खोलीत पाच माणसं होती, तिघांना वास असह्य होत होता, आणि ज्या दोघांना काहीच कळत नव्हतं ते दोघं पाहुणे होते. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मग एकदम त्या बसस्टॉपवरचे पाच रुमाल आठवले. तेसुद्धा गॅसचेच असले तर? मग हा डबा, ह्या चुळा, ही भिंत, सगळं कशासाठी?

आता साहेबांना सांगायला हवं होतं. पण गॅस सुटला होता म्हटलं की ते पहिला प्रश्न विचारणार, 'मग तुला कसं कळलं नाही?' आणि त्याचं उत्तर दिलं की तो सगळा हिरवा गठ्ठा रद्दी होणार. लग्न वाचवायचं तर त्यांचा एकमेव भरवसा मोडायचा, आणि वर माझी नोकरी घालवायची. रात्रभर कूस बदलत राहिलो.

सोमवारी साडेचारला साहेब आले. त्यांना बहुधा यायचं नव्हतं, पण वेळापत्रकात होतं. डोळे खोल गेलेले. त्यांनी 'हाऽऽ' करायला तोंड उघडलं आणि मी डोळे मिटलेच नाहीत. सगळं भडाभडा बोलून टाकलं. गॅस, खिडक्या, पदर, लहानपणचा ताप, मुलाखत, सगळं. साहेब तोंड उघडं ठेवूनच ऐकत राहिले.

"मग दोन वर्षं तू बघत काय होतास?" त्यांनी विचारलं. सरळ माझ्याकडे बघून, श्वास बाहेर सोडून.

"तुमचा चेहरा," मी म्हटलं. "पास म्हटलं की तो खुलायचा."

त्यांनी लाल चिठ्ठी काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'लॉट: दोन वर्षं. कारण: तपासणीचं साधन नादुरुस्त. संपूर्ण लॉट रिजेक्ट.' खाली सही, तारीख. ती माझ्या हातात ठेवून ते निघून गेले.

मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर माझं टेबल भट्टीजवळून उचलून दाराशी ठेवलेलं, आणि माझ्या शेजारी एक अनुभवी इन्स्पेक्टर बसवलेला. वर कुणाला त्यांनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझ्याशीही बोलत नव्हते. साडेचार वाजले की मी घड्याळाकडे बघायचो, मोजमापांच्या खोलीचं दार बंदच असायचं. त्या साडेचारच्या तपासणीची मला इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टेबलावर हिरवी चिठ्ठी दिसली. पाठीवर लिहिलं होतं, 'येत्या रविवारी सकाळी लग्न. सहकुटुंब येणे. जेवणात कांदा आहे.'

हे कसं जमलं, ते मला कळलं चार महिन्यांनी, त्यांच्या जुईनगरच्या घरी चहाला गेलो तेव्हा. साहेब आत चहा करत होते. वहिनी, म्हणजे त्या कोपरखैरण्याच्या बाई, बाहेर माझ्याशी बोलत बसल्या होत्या.

"एकटेच आले हो," वहिनी म्हणाल्या. "दारात उभे. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, 'आधी वास घ्या, मग काय ते ठरवू.' मी चौथीची चाळीस पोरं सांभाळते भाऊजी, मला त्याचं काय! म्हटलं, करा आ. घेतला वास आणि सांगितलं, येतो."

"येतो?" माझ्या हातातली बिस्किटांची बशी कलंडली.

"येतो की. लवंगेखाली दडलेला, पण येतो."

"मग त्या दिवशीचा पदर?"

"तो गॅसचाच. त्या दिवशी त्या गॅसपुढे कुणाच्या तोंडाचं काय कळणार! मी तेही सांगितलं. म्हटलं, आमच्या एरियाला वास येतो आणि आम्हाला सांगायची लाज वाटली, तुम्हाला येतो आणि तुम्ही विचारायला आलात. तसे त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग आत येऊन बसले आणि पोहे मागून खाल्ले."

मी चक्रावून गेलो. "दातांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं ना, वाशीला. ते म्हणाले, तोंडात काहीही दोष नाही, एवढं घासणं मात्र बंद करा. आता डॉक्टर तपासणार दुपारी. सकाळी उठल्यावर शेजारी कोण असतं?"

म्हणजे डॉक्टर म्हणतात नाही, वहिनी म्हणतात आहे, आणि माझा तर प्रश्नच नाही. मग बसस्टॉपवरचे ते पाच रुमाल गॅसमुळे होते की साहेबांमुळे? मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

"अजून विचारतात?" मी आवाज खाली आणून म्हटलं.

"रोज. मी पहिल्यांदा 'येतो' म्हणते. मग जाऊन गुळण्या करतात आणि परत येतात. दुसऱ्यांदा 'गेला' म्हणते. आधी 'येतो' म्हटल्याशिवाय त्यांना 'गेला' खरं वाटत नाही."

"आणि दुसऱ्यांदा खरंच गेलेला असतो?"

"दुसऱ्यांदा कोण बघतंय!" वहिनी म्हणाल्या आणि बशा उचलून आत गेल्या.

साहेब चहा घेऊन आले. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, तोंड माझ्याकडे करून. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष गेलं, माझंही गेलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बघ जरा," ते म्हणाले.

"साहेब, अहो माझं नाक..."

"माहीत आहे की. तरी बघ."

मी डोळे मिटले. चेहऱ्यावर ती ओळखीची गरम वाफ आली. मी नेहमीइतकाच वेळ घेतला.

"पास," मी म्हटलं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक हिरवी चिठ्ठी काढली, तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली.